आधी वजन, मग फोन, मग तिकीट: नागपूरहून विमानाच्या केबिनमध्ये मांजर-कुत्रं नेताना

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी दिल्लीला लेकीकडे जायला बिझनेस क्लासची दोन तिकिटं काढली. सोबत त्यांचा शित्झू. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "बुकिंगमध्ये पेट दिसत नाही, कळवलं होतं का?" काकू म्हणाल्या, "अवं, बिझनेस क्लास आहे ना आमचं! मग काऊन नाही घेऊन राह्यले?" शेवटी काका विमानाने गेले आणि काकू कुत्र्याला घेऊन ऑटोने घरी आल्या.

असे किस्से मला महिन्या-दोन महिन्यांनी ऐकू येतात, कारण मी माझा बोका गोट्या याला घेऊन चार वेळा विमानाने गेलो आहे आणि हे सगळ्या ओळखीच्यांना ठाऊक आहे. लोक फोन करतात, पण तिकीट काढून झाल्यावर. खरी चूक तिथेच असते. महाग तिकीट काढलं की प्राणी आपोआप चालतो असं त्यांना वाटतं. पण महाग तिकिटाने तुमची खुर्ची मोठी होते, सामानाचे किलो वाढतात, जेवण बरं मिळतं. प्राण्याची परवानगी ही त्याच बुकिंगवरची वेगळी नोंद आहे आणि ती वेगळी मागावी लागते, मग तुम्ही पहिल्या रांगेत बसा की तिसाव्या.

खालचा क्रम मोडू नका. एखादा टप्पा पुढे-मागे केला की त्याचा भुर्दंड पुढच्या टप्प्यावर बसतो.

## टप्पा १: बॅगेसह वजन करा

घरचा वजनकाटा काढा. आधी एकटे उभे राहा आणि आकडा लिहा. मग प्राणी बॅगेत, बॅगेत ओल शोषणारं पॅड, टॉवेल आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा), चेन बंद, आणि हे सगळं हातात घेऊन पुन्हा उभे राहा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे प्राण्याचं बॅगेसह वजन. विमान कंपनी मोजते ते हेच. "आमची मांजर तर चारच किलोची आहे" याला काउंटरवर अर्थ नसतो.

गोट्या ४.६ किलोचा, बॅग १.२ आणि आतलं सामान ०.३, म्हणजे ६.१ किलो. पहिल्या वेळी बॅगेचं वजन मी धरलंच नव्हतं.

बॅगेसह ७ किलोच्या आत असाल तर देशातल्या प्रवासात फारसा त्रास नाही. ७ ते १० किलोंमध्ये कंपनीनुसार उत्तर बदलतं. १० च्या वर गेलात तर केबिनचा विचार सोडा आणि शेवटचा रेल्वेचा भाग वाचा. लॅब्रेडॉर, बीगल, इंडी (देशी) कुत्रं ही मंडळी सहसा तिकडचीच.

तपासा: पिल्लू असेल आणि प्रवास दोन महिन्यांनी असेल तर आजचं वजन धरू नका. तोपर्यंत ते किती भरेल हे डॉक्टरांना विचारून घ्या. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू किंवा गाभण मादी न्यायचा विचारही करू नका.

## टप्पा २: कोणती कंपनी घेते ते आधी बघा

नागपूरकरांची पंचाईत इथे होते. आपल्या विमानतळावरून सगळ्यात जास्त विमानं इंडिगोची, आणि इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही. अपवाद फक्त अपंग प्रवाशाच्या प्रशिक्षित सेवा-श्वानाचा. नोव्हेंबर २०२४ पासून इंडिगोने काही मार्गांवर स्ट्रेच नावाची बिझनेस सेवा सुरू केली. ते पाहून काही जणांना वाटलं, आता चालेल. चालत नाही.

एअर इंडिया केबिनमध्ये छोटं कुत्रं किंवा मांजर घेते. नागपूरहून दिल्ली किंवा मुंबई असा सरळ मार्ग हवा असेल तर पहिला फोन तिथेच करा. अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ मध्ये पाळीव प्राणी घ्यायला सुरुवात केली. तेव्हा केबिनची मर्यादा बॅगेसह ७ किलो होती, पुढे ती १० वर गेली. पण अकासाच्या विमानांत बिझनेस क्लासच नाही, सगळी एकाच वर्गाची केबिन. तुमचं विमान मुंबई किंवा दिल्लीहूनच सुटणार असेल तर तिचा विचार करा.

विस्ताराबद्दलचे जुने सल्ले अजून व्हॉट्सअॅपवर फिरतात. ती कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. ते मेसेज पुसून टाका.

इशारा: जोडविमान असेल तर दोन्ही टप्पे एकाच कंपनीचे घ्या. नागपूर-मुंबई एकीचं आणि मुंबई-कोची दुसरीचं असं केलंत तर प्राण्याची परवानगी दोनदा, पैसे दोनदा, तपासणीही दोनदा. शिवाय पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबणार नाही.

## टप्पा ३: फोन, मग तिकीट, मग पुन्हा फोन

वेबसाइटवर विमान निवडा, पैसे भरू नका. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करा आणि तारीख, विमान क्रमांक सांगून एवढं विचारा:

- या विमानात, या वर्गात केबिनमध्ये प्राण्याची जागा शिल्लक आहे का? एका विमानात मोजकेच प्राणी घेतात, आधी मागेल त्याला मिळते.
- बॅगेसह किती किलो, आणि बॅगेची लांबी-रुंदी-उंची किती?
- माझ्या प्राण्याची जात चालते का? पग, बुलडॉग, शित्झू, पर्शियन मांजर अशी चपट्या नाकाची असेल तर हे विचाराच. त्यांना श्वासाचा त्रास लवकर होतो म्हणून काही कंपन्या अटी घालतात.
- फिटनेस प्रमाणपत्र (प्राणी प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा कागद) किती तासांच्या आतलं हवं?
- शुल्क किती, आणि ते आधी भरायचं की काउंटरवर?

उत्तरं लिहून घ्या, सोबत बोलणाऱ्याचं नाव आणि वेळही. मग तिकीट काढा, आणि थेट कंपनीकडूनच. सीताबर्डीच्या एजंटने दोनशे रुपये वाचवून दिले तरी प्राण्याची विनंती त्याच्यामार्फत फिरत राहते आणि नेमकी शनिवारी रात्री अडकते. परताव्याच्या अटी सोप्या असलेलं भाडं निवडा, दोन पैसे जास्त गेले तरी.

तिकीट हातात आलं की त्याच दिवशी पुन्हा फोन. पीएनआर सांगा, प्राण्याची नोंद करायला सांगा आणि खात्रीचा ईमेल मागा. "झालं सर, नोट टाकली आहे" एवढ्यावर फोन ठेवू नका. काउंटरवर नोट दिसत नाही तेव्हा ईमेलच उपयोगी पडतो.

बिझनेसच्या तिकिटावर मोफत सामान जास्त मिळतं, म्हणून प्राणी त्यातच बसेल असं बरेच जण धरून चालतात. प्राण्याचं वजन मोफत सामानात धरत नाहीत. त्याचं शुल्क वेगळंच.

तपासा: ईमेलमध्ये विमान क्रमांक, तारीख, प्राण्याचा प्रकार आणि "केबिन" हा शब्द आहे का? फक्त "पेट" लिहिलं असेल तर ते विमानाच्या पोटातल्या सामानकक्षाचंही असू शकतं.

## टप्पा ४: खुर्ची कोणती?

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पैसे इथेच वाया जातात.

उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी प्राण्याची बॅग समोरच्या खुर्चीखाली ठेवावी लागते. वरच्या कप्प्यात प्राणी ठेवायचा नसतो. कोणी कर्मचाऱ्याने तसं सुचवलं तरी ऐकू नका. आता बिझनेसच्या पहिल्या रांगेचा विचार करा. समोर खुर्ची नाही, भिंत आहे. बॅग ठेवणार कुठे? म्हणजे लोक ज्या जागेसाठी धडपडतात तीच प्राणी नेणाऱ्याला बाद.

एअर इंडियाच्या नव्या मांडणीच्या ए३२० निओ विमानात बिझनेसच्या ८, प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ आणि इकॉनॉमीच्या १३२ खुर्च्या आहेत. बिझनेसच्या आठ म्हणजे चार-चारच्या दोनच रांगा. पहिली भिंतीमुळे गेली, उरल्या चार खुर्च्या. त्यातही पाय वर करणाऱ्या खुर्चीची यंत्रणा खालची जागा खाते.

माझं मत विचाराल तर नागपूर-दिल्ली किंवा नागपूर-मुंबई या दीड-पावणेदोन तासांसाठी बिझनेस घेऊ नका. प्रीमियम इकॉनॉमीत पाय पसरायला जागा मिळते, समोर खुर्ची असते, आणि उरलेल्या पैशांत चांगली बॅग येते. बिझनेसच हवं असेल तर फोनवर दोन गोष्टी विचारा: दुसरी रांग मिळेल का, आणि त्या खुर्चीसमोर बॅग ठेवायची मोकळी जागा किती. खिडकीची खुर्ची घ्या, म्हणजे ट्रॉली बॅगेला घासत नाही आणि शेजाऱ्याला तुमच्यावरून उड्या माराव्या लागत नाहीत. आपत्कालीन दाराची रांग मिळणार नाही, मागूही नका.

विमान ऐनवेळी बदललं तर खुर्चीही बदलते. आदल्या दिवशी पुन्हा बघा.

## टप्पा ५: बॅग आणि तीन आठवड्यांचा सराव

बॅग मऊ, जाळीच्या खिडक्यांची आणि तळ न गळणारी घ्या. कंपनी मोठं माप चालवत असली तरी १८ × १८ × १२ इंचांच्या आतली बॅग घेतलेली बरी, खुर्चीखाली दाबली जात नाही. प्राण्याला आत उभं राहून वळता आलं पाहिजे. चेनला आतून नखाने उघडणार नाही अशी कडी असावी. मांजरं चेन उघडायला तासाभरात शिकतात, हा स्वानुभव.

बॅग प्रवासाच्या आदल्या आठवड्यात आणली तर तिचा उपयोग पोत्याइतकाच. निदान तीन आठवडे आधी आणा.

पहिला आठवडा ती घरात उघडी पडू द्या. आत त्याची जुनी चादर घाला, जेवण तिच्या तोंडाशी ठेवा. ढकलून आत घालू नका. एकदा कोंबलंत की पुढचे पंधरा दिवस ती बॅग दिसली तरी प्राणी पलंगाखाली जाईल.

दुसऱ्या आठवड्यात चेन लावा, आधी पाच मिनिटं, मग वीस, मग तास. बॅग डायनिंगच्या खुर्चीखाली ठेवून तुम्ही वर बसून जेवा. विमानात हेच होणार आहे.

तिसऱ्या आठवड्यात गाडीत घेऊन फिरा. वर्धा रोडवर गर्दीच्या वेळी एक चक्कर मारा. उड्डाणपूल, हॉर्न, ब्रेक यांच्या आवाजात प्राणी कसा वागतो ते कळतं. ओकला तर त्या दिवशी किती वेळ आधी खाल्लं होतं ते लिहून ठेवा, टप्पा ७ मध्ये लागेल.

हार्नेसही याच काळात अंगवळणी पडू द्या. नुसता गळपट्टा पुरत नाही. मांजर मान मागे खेचून गळपट्ट्यातून एका सेकंदात निसटते.

इशारा: झोपेचं औषध देऊ नका. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरासारखा असतो. गुंगीतल्या प्राण्याचा श्वास आणि रक्तदाब अशा हवेत सांभाळणं अवघड जातं, आणि त्याला तोलही सावरता येत नाही. फार घाबरट प्राण्याला डॉक्टरांनी भीती कमी करणारं काही दिलंच तर ते प्रवासाआधी एकदा घरी देऊन बघा. पहिला डोस विमानतळाच्या वाटेवर नको.

## टप्पा ६: कागद

दोन कागदांवर सगळं अडतं: रेबीजच्या लसीची नोंद आणि प्रवासाला योग्य असल्याचं प्रमाणपत्र.

लस टोचून निदान ३० दिवस झालेले असावेत आणि तिची मुदत परतीच्या तारखेपर्यंत शिल्लक असावी. लसीच्या वहीत बाटलीचा स्टिकर चिकटवलेला हवा. नुसती तारीख आणि सही पाहून काउंटरवर प्रश्न येतात.

प्रमाणपत्र नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांक आणि शिक्क्यासह घ्या. तुमचे नेहमीचे डॉक्टर देतात. नसतील तर सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे सकाळी लवकर जा, रांग असते. कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर उड्डाणाआधीच्या दोन-तीन दिवसांत घ्या. "काम उरकून टाकू" म्हणून दहा दिवस आधी घेतलेलं प्रमाणपत्र रद्दीत जातं.

त्यात जात, रंग, वय, लिंग, वजन, लसीची तारीख, अंगावर गोचीड-पिसवा नाहीत हा उल्लेख आणि "विमान प्रवासास योग्य" हे शब्द असावेत. मालकाचं नाव तिकिटावर आहे तसंच. वहीवर बाबांचं नाव आणि प्रवास करणारी मुलगी, ही गडबड आपल्याकडे घरोघरी. डॉक्टरांना सांगून प्रमाणपत्रावर प्रवाशाचं नाव घाला.

चार झेरॉक्स काढा. मूळ कागद पाकिटात, फोटो फोनमध्ये.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. परत येताना नवं प्रमाणपत्र लागतं. नागपूरचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी दिल्लीहून निघताना शिळं झालेलं असतं. तिकडच्या डॉक्टरांची वेळ नागपूर सोडण्याआधीच घेऊन ठेवा.

## टप्पा ७: आदला दिवस आणि निघायची सकाळ

आदल्या संध्याकाळी पुन्हा वजन करा. नखं कापा. खेळवून दमवा. आंघोळ घालायची असेल तर दोन दिवस आधी, ऐनवेळी नको, प्राणी चिडलेला असतो.

शेवटचं जेवण उड्डाणाच्या चार-पाच तास आधी आणि नेहमीपेक्षा अर्धं. पाणी बंद करू नका, थोडं थोडं देत राहा. तुम्ही स्वतः तर्री-पोहे खा वाटलं तर, त्याला मात्र वाटेत बिस्किट नको.

नागपूरच्या उन्हाळ्याला हलक्यात घेऊ नका. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि मे महिन्यात ४५ म्हणजे आपल्याला बातमीसुद्धा वाटत नाही. एप्रिल ते जून पहाटेचं किंवा रात्रीचंच विमान घ्या. गाडी आधी एसी लावून थंड करा, मग बॅग आत ठेवा. बॅगेतलं तापमान बाहेरच्यापेक्षा भराभर चढतं. विमानापर्यंत बसने किंवा चालत जावं लागलं तर डांबरावर बॅग टेकवू नका, छातीशी धरा. कुत्र्यांना आणि मांजरांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ती धापा टाकून अंग थंड करतात, आणि चपट्या नाकाच्यांना तेही धड जमत नाही.

हातातल्या पिशवीत हे असू द्या: दोन जादा पॅड, ओले रुमाल, झाकणाच्या दोन पिशव्या, घडीची वाटी, छोटी पाण्याची बाटली, आणि तुमचा एक जुना न धुतलेला टी-शर्ट. तो बॅगेत घातला की वासाने प्राणी शांत राहतो.

## टप्पा ८: विमानतळ

देशांतर्गत विमानासाठीही अडीच तास आधी पोहोचा. प्राणी सोबत असला की वेब चेक-इनने काम होत नाही. काउंटरवर जाऊन वजन, कागद, शुल्क आणि हमीपत्र हे सगळं व्हावं लागतं. बिझनेसची वेगळी रांग इथे दहा मिनिटं वाचवते, त्याहून जास्त नाही. कुत्रं असेल तर आत शिरण्याआधी बाहेर फिरवून त्याला मोकळं होऊ द्या.

सुरक्षा तपासणीत बॅग एक्स-रेमधून जाते, प्राणी नाही. प्राण्याला बाहेर काढून, हार्नेस आणि दोरी मनगटाला गुंडाळून, तुम्ही त्याला उचलून धातुशोधक चौकटीतून जायचं. पहिल्या वेळी मी गोट्याला नुसत्या गळपट्ट्यावर काढलं. ट्रे आपटल्याचा आवाज झाला आणि पठ्ठ्या माझ्या खांद्यावरून थेट ट्रे सरकतात त्या रुळांवर. सीआयएसएफच्या जवानाने हसत त्याला दोन्ही हातांनी धरला म्हणून बरं. तेव्हापासून मी रांगेतच सांगतो, "भाऊ, मांजर आहे, घाबरतं, जरा बाजूला तपासता का?" बहुतेक वेळा बंद खोलीत तपासतात. मागितल्याशिवाय मात्र कोणी देत नाही.

तपासा: एक्स-रेमधून बॅग बाहेर आली की प्राणी आत घालण्याआधी तळाचं पॅड, चादर पुन्हा नीट करा. चेनची कडी लावून एकदा ओढून बघा.

लाउंजचं कार्ड असलं तरी प्राण्यासह आत घेतील असं धरू नका. गेटजवळ भिंतीकडेची खुर्ची शोधा. बॅग जमिनीवर नको, मांडीवर. लहान मुलं जाळीत बोटं घालायला येतात. त्यांना गोड बोलून लांब ठेवा.

## टप्पा ९: विमानात

आत शिरताच कर्मचाऱ्यांना सांगा की सोबत प्राणी आहे. अंतिम होकार वैमानिकाचा असतो आणि वाद घालायची ती जागा नाही. शेजाऱ्यालाही सांगा. कुणाला ॲलर्जी असेल तर जागा बदलून घेणं उड्डाणाआधी सोपं जातं.

बॅग समोरच्या खुर्चीखाली, जाळीची बाजू तुमच्याकडे. चेन उघडायची नाही, मांडीवर घ्यायचं नाही, "जरासं डोकं बाहेर काढू दे" हेही नाही. चढता-उतरताना कान दडपले की प्राणी ओरडतो. बोट जाळीला लावा, हळू बोला. वीस मिनिटांत बहुतेक सगळे गप्प होतात. गोट्या तर पहिल्या प्रवासात जबलपूरच्या अलीकडेच घोरायला लागला असावा.

घाण झाली तर चेन उघडून साफ करायचा मोह आवरा. बॅग घेऊन शौचालयात जा, दार लावा, मग पॅड बदला.

उतरल्यावर आधी पाणी, मग मोकळी जागा, जेवण तासाभराने. मांजराला नव्या घरात पहिल्या दिवशी एकाच खोलीत ठेवा.

## परदेशी जायचं असेल तर

वरचं सगळं लागू आहेच, पण तयारी तीन आठवड्यांची नाही. सहा-सात महिने धरा.

नागपूरहून सरळ दोह्याला विमान जातं म्हणून लोक खूश होतात. पण ते विमान कतार एअरवेजचं, आणि ती कंपनी सेवा-श्वान आणि ससाणे सोडून केबिनमध्ये प्राणी घेत नाही. होय, शिकारी ससाणे चालतात, मांजर नाही. तेव्हा युरोपला जाणाऱ्यांनी दिल्ली किंवा मुंबईहूनच विचार करावा. लुफ्तान्सा बॅगेसह ८ किलोपर्यंत घेते, बॅग ५५ × ४० × २३ सेंटिमीटरच्या आत. एअर फ्रान्स आणि केएलएमचीही मर्यादा ८ किलो, पण लांब पल्ल्याच्या विमानात त्यांच्या बिझनेस क्लासमध्ये प्राणी चालत नाही, कारण त्या सपाट होणाऱ्या खुर्चीखाली बॅगेला जागाच नाही. तिथे इकॉनॉमीचं तिकीट काढलेला जिंकतो. ब्रिटनमध्ये केबिनमधून प्राणी नेताच येत नाही, दुबईतही नाही. दोन्हीकडे तो नोंदवलेल्या मालवाहतुकीनेच उतरवावा लागतो.

कागदांचा क्रम युरोपसाठी असा, आणि तो उलटा केला तर पुन्हा पहिल्यापासून:

१. आधी १५ अंकी, आयएसओ मानकाची मायक्रोचिप.
२. मग रेबीजची लस. चिपच्या आधीची लस धरत नाहीत.
३. लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. प्रतिपिंडांचं (लसीने तयार झालेल्या अँटीबॉडींचं) प्रमाण ०.५ आययू प्रति मिलिलिटर किंवा जास्त हवं.
४. रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं.
५. निघण्याच्या दहा दिवसांच्या आत सरकारी आरोग्य प्रमाणपत्र.

हे शेवटचं काम केंद्र सरकारच्या पशु संगरोध (क्वारंटाइन) आणि प्रमाणन सेवेचं. तिची केंद्रं दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि बंगळुरू इथे आहेत, नागपुरात नाही. म्हणजे प्राण्याला घेऊन दोन-तीन दिवस आधी त्या शहरात मुक्काम करावा लागतो, आणि हॉटेलही प्राणी घेणारं शोधावं लागतं. शनिवार-रविवार मध्ये येऊ देऊ नका.

अमेरिकेला कुत्रं नेणाऱ्यांसाठी १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. कुत्रं किमान सहा महिन्यांचं आणि चिप असलेलं हवं. भारत रेबीजच्या जास्त जोखमीच्या यादीत असल्यामुळे इथे लस घेतलेल्या कुत्र्याला रक्ततपासणी आणि तिथल्या मान्यताप्राप्त प्राणी-केंद्रात आरक्षण लागतं, आणि अशी केंद्रं असलेल्या मोजक्याच विमानतळांवर उतरता येतं. विमान निवडायच्या आधी ते केंद्र निवडा.

## केबिनमध्ये बसत नसेल तर: रेल्वेचा कुपे

मोठ्या कुत्र्याला मे महिन्यात सामानकक्षातून पाठवण्यापेक्षा मी रेल्वे निवडीन. इथेही तोच गैरसमज आहे. वंदे भारतची एक्झिक्युटिव्ह चेअर कार महाग असली तरी कुत्रं चालत नाही. एसी टू टियर, थ्री टियर, स्लीपर, कशातच नाही. फक्त एसी फर्स्टमध्ये, तेही पूर्ण कुपे किंवा पूर्ण केबिन तुमच्याच नावावर असेल तर. कुपे दोन बर्थचा, केबिन चार बर्थची.

मुंबईसाठी विदर्भ एक्स्प्रेस आणि दुरांतो या दोन्हींना एसी फर्स्ट आहे. एकाच पीएनआरवर दोन तिकिटं काढा. ऑनलाइन आरक्षणात कुपे मिळेलच असं नाही, तो चार्ट बनताना ठरतो. म्हणून तिकीट काढल्यावर किंग्जवेच्या विभागीय कार्यालयात वाणिज्य शाखेकडे अर्ज द्या: पीएनआर, तारीख, सोबत कुत्रं असल्याने कुपे मिळावा. पोच घ्या, आणि चार्टच्या दिवशी सकाळी पुन्हा विचारा.

निघायच्या दिवशी गाडीच्या दोन-तीन तास आधी स्टेशनच्या पार्सल कार्यालयात जाऊन कुत्र्याची पावती करा. तिकीट, ओळखपत्र, लसीची वही, फिटनेस प्रमाणपत्र, सगळ्यांच्या प्रती लागतात. पावतीविना कुत्रं डब्यात सापडलं तर सामानाच्या दराच्या सहापट आकारणी होते. चार बर्थची केबिन मिळाली आणि दोन बर्थवर अनोळखी लोक आले, त्यांनी हरकत घेतली, तर कुत्र्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत होते. तशी वेळ आलीच तर त्या गाडीने जाऊ नका, तिकीट रद्द करा आणि पुढच्या तारखेचा अर्ज द्या.